कोपऱ्यातला तेविसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष लागला की दत्तभक्तांच्या घरी एकच लगबग सुरू होते. जयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसायचा असतो. देवघर सारवायचे किंवा पुसून घ्यायचे, चौरंग काढायचा, समया घासायच्या, पोथीचे सोवळे वस्त्र धुऊन वाळवायचे. आणि नेमके याच दिवसांत, संध्याकाळी दिवा लावायला जावे, तर देव्हाऱ्याच्या मागच्या भिंतीवर तळहाताएवढा कोळी! पाय पसरून स्वस्थ बसलेला. घरात एकच आरडाओरडा. नातवंडे पलंगावर चढतात, सूनबाई झाडू शोधतात, आणि आजोबा म्हणतात, "थांबा, मारू नका, सप्ताह बसलाय!" मग मारू नये, तर करावे काय? हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. "महाराज, एकीकडे अहिंसा, दुसरीकडे शुचिर्भूतपणा, आणि तिसरीकडे पोराबाळांची काळजी. गृहस्थाने यातून वाट कशी काढावी?"

प्रश्न लहान वाटतो, पण तो लहान नाही. ज्या दैवतापुढे आपण बसतो, त्या दैवताच्या शिकवणुकीलाच तो हात घालतो.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. भगवान श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. आपली परंपरा त्या अवधूतास श्रीदत्तप्रभूच मानते. राजा विचारतो, "तुझ्याजवळ घर नाही, दार नाही, धन नाही, तरी तू इतका आनंदात कसा?" तेव्हा अवधूत आपले २४ गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश इथपासून सुरुवात होते आणि यादी खाली खाली उतरत जाते. अजगर येतो, मधमाशी येते, पिंगला वेश्या येते. अगदी शेवटी तीन जण उरतात. बाविसावा साप, तेविसावा ऊर्णनाभी म्हणजे कोळी, आणि चोविसावी ती मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी. म्हणजे बघा, ज्यांना पाहून आपण किंचाळतो ते तिघे अवधूताने गुरूंच्या ओळीत बसवले!

याच एकादश स्कंधावर संत एकनाथ महाराजांनी मराठीत टीका लिहिली आणि शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीक्षेत्री ती पूर्ण केली. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे थोर दत्तभक्त. तेव्हा हे २४ गुरू मराठी माणसाला परके नाहीत. गेली साडेचारशे वर्षे ते आपल्या घरात आहेत. पण पोथीतले गुरू पोथीत असतात तोवर ठीक. एखादा भिंतीवर येऊन बसला की आपली खरी परीक्षा होते.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. गुरू मानले म्हणजे कोळ्याला हळदकुंकू वाहायचे, असे कोणी समजू नये. अवधूताने अजगराला हार घातला नाही की सापाला साष्टांग दंडवत घातले नाही. त्याने त्यांच्याकडे नीट पाहिले, एवढेच. त्या चोविसांपैकी कोणी मंत्र दिला नाही. कोळ्याला तर आपण कोणाचे गुरू झालो हे ठाऊकही नाही. शिकण्याचे सगळे काम शिष्याच्या बुद्धीने केले. तेव्हा तेविसाव्या गुरूची सेवा कोणती? तर त्याला नीट पाहणे.

चला, आपणही पाहू.

आपल्याकडे घरात प्रामुख्याने दोन तऱ्हेचे कोळी दिसतात. एक बारीक, लांबलांब पायांचा, छताच्या कोपऱ्यात उलटा लोंबकळणारा. जळमटे होतात ती मुख्यत्वे त्याची. दुसरा हा मोठा, चपटा, करड्या-तपकिरी रंगाचा. हा सावज धरायला जाळे विणत नाही. रात्री भिंतीवरून फिरून शिकार करतो, आणि त्याची आवडती शिकार म्हणजे झुरळ. दिवसा तो फोटोच्या मागे, कपाटाच्या फटीत, माळ्यावरच्या पोत्याआड अंग चोरून बसतो. अंग चपटे असल्याने कुठल्याही चिरेत मावतो.

मग तो याच दिवसांत का दिसतो? सरत्या पावसाळ्यात किडे माजलेले असतात, दिव्यावर झुंबड असते. जिथे भक्ष्य तिथे भक्षक. शिवाय पावसात लहान असलेली पिल्ले आता वाढलेली असतात. आणि दसरा-दिवाळीला आपणच माळे हलवतो, अडगळ काढतो, गवत, सरपण, धान्याची पोती इकडची तिकडे करतो. त्याची बसायची जागा आपण मोडली, म्हणून तो उघड्यावर आला. आपण म्हणतो, "बाहेरून घरात शिरला." पुष्कळदा तो आधीपासून घरातच होता, दिसला आज.

तुमच्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे विलायतेत आहेत. तीही फोनवर सांगतात, "आजी, सप्टेंबर आला की इथे केवढाले कोळी घरात येतात!" तिथली जात निराळी. तिथला घरकोळी जाळे विणून असतो आणि शरद ऋतूत नर आपले जाळे सोडून मादीच्या शोधात निघतो. न्हाणीघराच्या टबात सापडतो तो बहुधा हाच वाट चुकलेला नर. तोही बहुतेक आधीपासून त्याच घरात, कपाटामागे किंवा फळ्यांखाली राहत असतो. देश बदलला, ऋतुमान बदलले, पण गोष्ट तीच. ज्याला आपण परका पाहुणा म्हणतो तो जुना बिऱ्हाडकरू असतो.

आता भीतीचे बोलू. कारण मुळात प्रश्न कोळ्याचा नाही, भीतीचा आहे.

आपल्या घरातला हा मोठा कोळी माणसाच्या अंगावर धावून येत नाही. तो पळतो, तो आपल्याला घाबरून. दाबला गेला, हातात धरला, किंवा अंड्यांची पिशवी सांभाळणाऱ्या मादीला छेडले, तर चावू शकतो. चावले तर दुखते, थोडी सूज येते. साबण-पाण्याने धुवावे, गार पाण्याची पट्टी ठेवावी. सूज वाढत गेली, ताप आला किंवा श्वासाला त्रास वाटला, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. एवढे पथ्य पुरे.

दुसरे असे, की अंगावर रात्रीतून लाल चट्टा उठला, फोड आले, की आपण बिनदिक्कत म्हणतो, "कोळी अंगावरून गेला." पुष्कळदा तो आळ खोटा असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिव्यावर एक बारीक, मुंगीएवढा, काळा-नारिंगी किडा येतो. तो अंगावर बसला आणि आपण झोपेत चिरडला, की त्याच्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते. करतो कोण, आणि शिव्या खातो कोण! माणसांच्या बाबतीतही आपण असेच करतो, बरं का. घरात काही हरवले की जो बोलत नाही, जो दिसायला बरा नाही, त्याच्यावर पहिला संशय. पूर्ण चौकशी केल्यावाचून आळ घेऊ नये, एवढे तरी या भिंतीवरच्या मुक्या जिवाकडून शिकावे.

तर भीती येते कुठून? भिंतीवरून येते का? मग तोच कोळी पाळण्यातल्या तान्ह्या बाळाला का भिववत नाही? ते तर हसून हात पुढे करते. भीती त्याच्या पायांत नाही, आपल्या पोटात आहे. आणि इथेच तेविसाव्या गुरूचा धडा सुरू होतो.

भागवतात अवधूत काय म्हणतो? ऊर्णनाभी आपल्या आतूनच तंतू काढतो, पसरतो, त्यात विहार करतो आणि पुन्हा तो गिळून टाकतो. तसाच परमेश्वर आपल्यातूनच हे विश्व पसरतो आणि आपल्यातच आवरून घेतो. मुंडकोपनिषदातही हाच दृष्टांत आला आहे. कोणी चिकित्सक विचारील, "महाराज, तंतू तर कोळ्याच्या पोटाच्या मागच्या टोकातून येतो, भागवतात तर मुखातून पसरतो असे म्हटले आहे." बरोबर आहे. ज्यांनी भिंगातून पाहिले त्यांनी ते नक्की केले, त्यांचेही आपण ऐकावे. पण दृष्टांताचा गाभा त्याने ढळत नाही. कोळी सूत बाजारातून आणत नाही. कापूस दुसऱ्याचा, चाती दुसऱ्याची, असे नाही. सगळे त्याचे स्वतःचे. आणि गिळण्याचे म्हणाल, तर बागेत चाकासारखे गोल जाळे विणणारे पुष्कळ कोळी खरोखरच जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच्याच बळावर नवे विणतात. जाळे न विणणाऱ्या आपल्या या मोठ्या कोळ्याच्याही पोटात तंतू आहेच. मादी त्याची चपटी पांढुरकी पिशवी विणते, तीत अंडी घालते, आणि पिल्ले निघेपर्यंत ती पिशवी पोटाशी धरून फिरते.

हे ईश्वराविषयी झाले. पण दृष्टांत जिवालाही लागू आहे. आपली भीती, आपला संशय, आपला राग, हेही सूत आपल्याच आतून निघते. एक कोळी दिसतो. मन त्यातून एक तंतू काढते, "चावला तर?" दुसरा काढते, "अंथरुणात शिरला तर?" तिसरा, "अजून किती असतील?" बघता बघता छतभर जाळे! आणि त्यात अडकते कोण? आपणच. कोळी बिचारा केव्हाच फोटोमागे जाऊन झोपला.

त्याच अध्यायात पुढे लगेच चोविसावा गुरू येतो. कुंभारीण माशी एका किड्याला मातीच्या घरात कोंडते आणि तो किडा भयाने तिचेच ध्यान करीत तिच्याच रूपाला जातो, असा तो दृष्टांत. त्याचे तात्पर्य फार मोठे आहे. प्रेमाने म्हणा, द्वेषाने म्हणा, की भयाने म्हणा, मन जिथे पूर्ण लागेल तसा जीव होतो. गंमत अशी, की कुंभारणीच्या काही जाती मातीच्या कोठीत भरतात ते कोळीच! तेविसावा आणि चोविसावी एकाच भिंतीवर.

आता स्वतःला विचारा. रात्री दिवा मालवल्यावर अर्धा तास डोळे छताकडे लावून आपण पडून राहतो. कान टवकारलेले, अंग ताठ, दुसरा विचार नाही. अहो, याला ध्यान नाही तर काय म्हणतात? जपाला बसल्यावर पाच मिनिटे मन ठरत नाही म्हणून आपण रडतो. मग एका कोळ्यावर ते अर्धा तास ठरले कसे? म्हणजे एकाग्रतेची शक्ती आपल्यात आहे. फक्त तिला भीतीने पळवून नेले आहे. जे आतून निघाले ते आत घेता येते. तंतू बाहेर सोडणाराही आपणच, आवरणाराही आपणच. भय वाटले की स्वतःला दटावू नका, लाजू नका. एवढेच म्हणा, "हे सूत माझेच आहे," आणि नामाच्या एकेका आवर्तनाबरोबर ते आत गुंडाळा. छत पाहतच नाम घ्या. पहिल्या दिवशी जमणार नाही, हळूहळू जमेल.

आता व्यवहाराचे. कारण प्रवचन ऐकून झाले तरी कोळी भिंतीवर आहेच!

पहिली गोष्ट, ज्येष्ठांनी स्टुलावर, खुर्चीवर किंवा पलंगाच्या कठड्यावर चढून कोळ्याच्या मागे लागू नये. कोळी चावून दुखेल ते दुखेल, पण या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर वर्षाचे पारायण अंथरुणावर होईल. हाताला येईल तेव्हाच काढावा, नाहीतर घरातल्या तरुणाला सांगावे, नाहीतर राहू द्यावा.

दुसरी, काढायची रीत. एक रुंद तोंडाचा पारदर्शक डबा घ्यावा आणि एक जाड लग्नपत्रिका. डबा हळूच भिंतीवर कोळ्यावर पालथा धरावा. पाय चेंगरणार नाहीत असे पाहावे. मग पत्रिका भिंतीलगत डब्याखाली सरकवावी. झाले! दोन्ही घट्ट धरून अंगणात, झाडाच्या बुंध्याशी, नाहीतर गोठ्याकडे सोडून यावे. घाई करू नये, तो आडवातिडवा फार वेगाने पळतो. पोटाशी पिशवी असेल तर ती आई आहे हे ओळखावे आणि पिशवीसकट तिला बाहेर न्यावे. पिशवी फुटू देऊ नये, फुटली तर घरभर पिल्ले होतील. जिथे अंगण नाही तिथे जिन्याखाली किंवा गच्चीवरच्या कुंडीआड सोडले तरी चालते.

तिसरी, कारणाकडे पाहावे. कोळी आला तो झुरळांमागे आणि किड्यांमागे. रात्री खरकटी भांडी पडून असतात का? मोरीची जाळी बसवली आहे का? दाराबाहेरचा दिवा रात्रभर जळतो का? खिडक्यांना जाळ्या आहेत का? अन्न झाकलेले, मोरी कोरडी आणि दिवा बेताचा असला, की झुरळ कमी होते, आणि झुरळ कमी झाले की कोळीही दुसरे घर पाहतो.

औषध फवारावे का, हाही प्रश्न येतो. सूनबाई म्हणते फवारा, सासूबाई म्हणतात सप्ताहात जीवहत्या नको. मी म्हणतो, यावरून घरात भांडण नको. झुरळे फार झाली तर गृहस्थाला औषध करावेच लागते, लहान मुलांच्या आरोग्याचा प्रश्न असतो. पण ते सप्ताहाच्या पुष्कळ आधी करावे, अन्नपाणी झाकून, मुले-म्हातारी माणसे बाहेर ठेवून करावे. एका कोळ्यासाठी देवघरात विषाचा फवारा मारू नये. तो धूर कोळ्याच्या आधी आपल्याच नाकात जातो.

आणि जळमटे? ती अवश्य काढावीत. धूळ बसलेले काळे जाळे बहुधा रिकामेच असते. ते काढण्यात पाप कसले? लांब काठीच्या झाडूने आधी हलका धक्का द्यावा, कोणी आत असेल तर सरकेल, मग जाळे काढावे.

तरीही कधी झाडू लागून, कधी दारात सापडून एखादा जीव जातोच. पापभीरू माणूस त्याने कष्टी होतो. त्याला आपल्या धर्मशास्त्राने फार समजुतीने उत्तर दिले आहे. गृहस्थाच्या घरात पाच जागी नकळत जीवहत्या होते असे शास्त्र सांगते. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. केरसुणी त्यात आहे हे लक्षात घ्या. शास्त्राने "केर काढू नका" असे म्हटले नाही. त्याने पाच महायज्ञ सांगितले, ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. नकळत जे घेतले ते जाणूनबुजून परत द्या. काकबळी, गोग्रास, मुंग्यांना साखर, दारी आलेल्याला घास, ही सगळी त्याचीच रूपे. ज्या हाताने केरसुणी धरली त्याच हाताने घास घाला. नकळत होणे निराळे आणि तिरस्काराने चपलेखाली चिरडणे निराळे. पहिल्यासाठी भूतयज्ञ आहे, दुसऱ्यासाठी मात्र मनच बदलावे लागते.

आता शेवटचे, आणि हे विशेषतः आपल्यासारख्या उतारवयाच्या माणसांसाठी. बागेतला कोळी संध्याकाळी जाळे विणतो. त्याच्यावर सहज चालतो, अडकत नाही, कारण चिकट तंतू कोणता आणि पाय ठेवायचा कोणता, हे त्याला ठाऊक असते. आणि वेळ झाली की तो ते गिळून टाकतो. विणणे आणि आवरणे, दोन्ही विद्या त्याच्याजवळ आहेत. आपण साठ-सत्तर वर्षे फक्त विणत आलो. घर बांधले, नाती जोडली, हिशेब ठेवले, आणि त्याबरोबर काळज्याही विणल्या. आवरायचे कोणी शिकवले नाही. म्हणून किल्ल्या सुनेच्या हाती देताना हात जड होतो, कपाट रिकामे करवत नाही, जुन्या भावकीच्या तंट्याचा धागा तुटत नाही. मग त्यात पाय अडकतो आणि आपण म्हणतो, "प्रपंच मला सोडत नाही." प्रपंच कुठे धरतो? सूत आपले आहे. एकेक तंतू आत घ्यायचा आहे. आज एक तंटा मिटवावा, उद्या एक किल्ली द्यावी, परवा एक काळजी दत्तचरणी ठेवावी.

तेव्हा यंदाच्या सप्ताहात तो भिंतीवर दिसला, तर घरातल्या मुलांना जवळ बोलवा. ओरडू नका. त्यांना सांगा, "बाळांनो, हा अवधूताचा तेविसावा गुरू बरं का. याला मारायचे नाही, याला बाहेर पोचवून यायचे." डबा तुम्ही धरा, पत्रिका नातवाला सरकवू द्या. ज्याच्या हातून पहिला कोळी जिवंत बाहेर गेला, त्या मुलाच्या मनातले एक जाळे त्या रात्रीच गळून पडेल. गुरुचरित्राच्या पारायणाला ती मोलाची जोड ठरेल.

भय आवरण्याचे बळ श्रीगुरू आपणा सर्वांना देवोत, ही त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥